पाचव्या बैलाची मोजणी

तपासनीस कुठल्याही खात्याचा असो, त्याला पोट असतं आणि पोटाच्या आसपास कुठेतरी त्याची किल्ली असते, असं रोहिदासचं मत होतं. हे मत पुस्तकातून आलेलं नव्हतं. चाकणजवळ जिथे त्याचे वडील कांदा लावायचे तिथे आता रसायनांची कंपनी उभी होती, आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या नोकरीत तो शिपायाचा ॲडमिन मॅनेजर झाला तो याच विद्येच्या जोरावर. कुणाला सुरमई लागायची, कुणाला शाल-श्रीफळ, कुणाला नुसतं ‘साहेब, तुमच्याएवढा कडक माणूस आजवर आला नाही’ एवढंच पुरायचं. बाकी झाडांना गेरू-चुना, फाटकाला रंग, आणि जिथे कुणी जाऊ नये असं वाटतं तिथे कवटीचं चित्र काढून ‘धोका’ अशी पाटी. कवटी दिसली की साहेब लोक लांबूनच मान डोलवून पुढे सरकायचे. जीव प्रत्येकाला प्यारा.

त्यामुळे दिपाली धापा टाकत केबिनमध्ये आली आणि परदेशातून तपासणी येतेय म्हणाली, तेव्हा त्याने आधी एवढंच विचारलं, माणसं किती, आणि व्हेज का नॉनव्हेज.

दिपाली कंपनीची केमिस्ट. लातूरकडची, रहाटणीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी, आणि हसण्याच्या बाबतीत फार काटकसरी. तिने त्याला खुर्चीत बसवून समजावलं. जगातल्या एकशे नव्वदच्या वर देशांनी मिळून ठरवलंय, की माणसं मारायचा विषारी वायू कुणी करायचा नाही, ठेवायचा नाही, वापरायचा नाही. आता ठरवणं सोपं असतं, पाळतंय कोण हे कळायचं कसं? म्हणून युरोपात हेग शहरात एक कचेरी आहे. तिची माणसं देशोदेशीच्या रसायनांच्या कारखान्यांत जातात आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतात. आपण रंगात घालायचं जे औषध करतो, त्यात फॉस्फरस आहे. म्हणून चिठ्ठी आपल्या नावाची निघाली. पाच दिवसांनी येतायत, दिल्लीचा अधिकारी बरोबर असेल, आणि कंपनीतली कुठलीही इमारत ते बघायला मागू शकतात.

“कुठलीही?” रोहिदासने विचारलं.

“कुठलीही. मागचं ते बंद स्टोअरसुद्धा.”

रोहिदासने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. कारण मागच्या बंद स्टोअरमध्ये बिजल्या होता.

आता बिजल्या तिथे कसा आला, हे कळायला आधी दुसरा एक करार समजून घ्यायला हवा. त्याची बातमी हेगला नव्हती, पण पंचक्रोशीत सगळ्यांना होती.

गावात बैलगाड्याची दोन घरं. एक रोहिदासचं, एक अर्जुनरावाचं. शर्यतीवरची बंदी उठली आणि दोघांच्या अंगात आलं. भैरवनाथाच्या यात्रेत घाटातून गाडा पळवायची पाळी, म्हणजे बारी, दोन्ही घरांना आजोबांपासूनची. एका गाड्याला चार बैल लागतात. अर्जुनरावाने सहा घेतले, म्हणून रोहिदासने आठ घेतले. अर्जुनरावाने गोठ्याला पंखे लावले, तर रोहिदासने कूलर. तिकडे बैलांना काजू सुरू झाले, तेव्हा इकडे बदाम. शेवटी अर्जुनरावाच्या गोठ्यात एसी बसला. त्याची म्हातारी आई कौशल्याबाई आणि रोहिदासची बायको जयमाला, या दोघी मात्र आपापल्या घरात पदराने वारा घेत बसलेल्या.

मग एके दिवशी दोघी देवळात भेटल्या. काय बोलल्या ते भैरवनाथालाच ठाऊक, पण आठवड्यात दोन्ही गड्यांना देवापुढे उभं करून बेल-भंडारा उचलायला लावला. अटी दोघींनीच घातल्या. एका दावणीला चारच बैल. यात्रा होईस्तोवर कुणी बैल घ्यायचा नाही, विकायचा नाही. दर अमावास्येला कौशल्याबाई दोन्ही गोठे मोजणार, आणि स्वतःच्या लेकाचा गोठा आधी. जो मोडेल त्याचा वाढीव बैल समोरच्याच्या दावणीला जाईल आणि त्या साली त्याची बारी होणार नाही. शेवटची अट जयमालाची. दावणीला पाचवा दिसला तर तो कुठून आला, कुणाचा आला, हे ऐकून घ्यायचंच नाही. पुरुषांच्या जातीला सबबी फार सुचतात, म्हणाली, आणि त्यावर दोघी बराच वेळ हसत राहिल्या.

रोहिदासने भंडारा उचलला तेव्हा मनापासून उचलला. नंतर मात्र त्याचा हरण्या एका पायाने जरासा दबून चालू लागला. आणि मनाचं असं असतं, की एक पाय दबला की सगळा करार लंगडा वाटायला लागतो. तेवढ्यात सांगलीकडे हरण्यासारखाच एक बैल असल्याचं कळलं. तोच रंग, तीच शिंगं, फक्त कपाळावरचा पांढरा ठिपका नाही. ठिपका काय, रंगानेही होतो. रोहिदासने तो रातोरात आणला, तोच हा बिजल्या. यात्रेच्या सकाळी हरण्या आत, बिजल्या बाहेर. मोजले तरी चारच.

लपवायचा कुठे, हा प्रश्न होता. गावातली आंब्याची झाडंसुद्धा अर्जुनरावाची पाहुणी. कंपनीच्या मागे, सांडपाण्याच्या टाकीपलीकडे, जुनं स्टोअर होतं. टाकीचा असा काही वास यायचा की कुत्रंही वळसा घालून जायचं. त्यात शेणाचा वास कुणाला वेगळा कळणार? वैरण आणि शर्यतीच्या बैलाचा अंडी-बदामाचा खुराक निळ्या ड्रममधून आत जायचा. शेण बागेत जायचं आणि त्या साली कंपनीच्या गुलाबांना औद्योगिक वसाहतीचं पहिलं बक्षीस मिळालं. मालकांनी माळ्याचा सत्कार केला. रोहिदासने टाळ्या वाजवल्या.

तर आता पाच दिवस, आणि यात्रा त्याच्या पुढच्या रविवारी. बिजल्याला बाहेर काढणं अशक्य होतं, कारण कंपनीच्या कँटीनचा ठेका अर्जुनरावाकडे होता आणि फाटकावरचे निम्मे लोक त्याच्या हातचा चहा पिऊन जगत होते. रोहिदासने रात्रभर डोकं चालवलं. नोकरी गेली तर जाईल. एमआयडीसीत नोकऱ्यांना काय तोटा. पण बारी गेली, तर घाटाच्या कडेला टोपी घालून, इतरांचे गाडे बघत, पाहुण्यासारखं उभं राहावं लागेल, आणि अर्जुनराव वरून विचारेल, “काय रोहिदास, ऊन लागतंय का?” ते एक चित्र डोळ्यांपुढे आलं की त्याला घाम फुटायचा.

सकाळी उठून त्याने जे आजवर नेहमी केलं तेच केलं. स्टोअरचं दार रंगवलं, नवंकोरं कुलूप घातलं, आत उकडू नये म्हणून पंखा चालू ठेवला, आणि दारावर आजवरची सगळ्यात मोठी कवटी काढून घेतली. खाली लाल अक्षरात, ‘अतिधोका. प्रवेश सक्त मना.’ पेंटरने हौसेने कवटीच्या डोळ्यांतून धूरही काढला.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. पुढारीण मार्ता नावाची, उरुग्वेची, पन्नाशीची, पायात जाड बूट. बरोबर फिनलंडचा एक उंच माणूस, जो कशाकडेही बघताना आधी वाकायचा. आणखी दोघं, आणि दिल्लीचा अधिकारी, ज्याला एसी गाडीतून उतरल्याचं दुःख होतं.

रोहिदासने नारळ पुढे केला. मार्ताने हात जोडले आणि नारळ घेतला नाही. शाल घेतली नाही. अर्जुनरावाने पहाटेपासून शिजवलेल्या मटणाचा वास सगळ्या आवारात दरवळत होता. त्या लोकांनी पिशवीतून आपापले सँडविच काढले, आपापल्या बाटलीतलं पाणी प्याले. दिपाली म्हणाली, त्यांचा नियमच आहे, ज्याची तपासणी त्याचं खायचं नाही. नारळसुद्धा न घेणारा तपासनीस त्याने आयुष्यात बघितला नव्हता. पोट आहे, पण किल्ली घरी ठेवून आलेत.

दुपारी नकाशा टेबलावर पसरला. मार्ताने एकेका इमारतीवर पेन्सिल टेकवत विचारलं आणि शेवटी कोपऱ्यातल्या चौकोनावर थांबली. दिपालीने सांगितलं, बंद स्टोअर, वापरात नाही. मग सगळी वरात तिकडे निघाली. पुढे पाहुणे, मागे दिल्लीवाला, त्यामागे चहाचा ट्रे घेऊन स्वतः अर्जुनराव, कारण परदेशी बाईने मटण परत पाठवलं म्हणजे काय, हे त्याला जवळून बघायचं होतं.

स्टोअरपाशी सगळे थांबले. वापरात नसलेलं स्टोअर. त्याला ओला रंग, नवं कुलूप, आत फिरणारा पंखा, दाराशी निळे ड्रम, आणि डोळ्यांतून धूर सोडणारी कवटी. फिनलंडवाला वाकला तो बराच वेळ सरळ झालाच नाही. जी पाटी बघून बाकीचे साहेब पळायचे, तीच बघून हे लोक जवळ सरकत होते. रोहिदासच्या लक्षात आलं, पण फार उशिरा: हे लोक इतक्या लांबून फक्त अशी एखादी पाटी शोधायलाच आले होते.

मार्ताने विचारलं, आत काय आहे. रोहिदास म्हणाला, काही नाही, रिकामं आहे.

बिजल्याने आतून सणसणीत हुंकार दिला.

दिल्लीच्या अधिकाऱ्याने खिशातून रुमाल काढला. मार्ता अगदी हळू आवाजात दिपालीशी बोलली आणि दिपालीचा चेहरा चुन्यासारखा झाला. तिने रोहिदासला बाजूला ओढलं.

“सर, काय करून ठेवलंत हे? रसायनाच्या कंपनीत, कुलूप लावून, कवटी काढून, आत जनावर! त्या विचारायल्यात, कशाचा प्रयोग करता त्याच्यावर?”

रोहिदासने पायातली चप्पल सारखी केली, मान खाली घातली आणि जे होतं ते तिला दोन वाक्यांत सांगितलं. दिपालीने डोळे मिटले. मग उघडून म्हणाली, दार उघडावंच लागेल, पण त्यांच्या करारात एक सोय आहे. धंद्याचं गुपित असेल ते आपण झाकू शकतो, किती माणसांनी आत जायचं हे बोलून ठरवू शकतो, फोटो नको म्हणू शकतो. फक्त त्यांची शंका फिटली पाहिजे.

रोहिदासच्या जिवात जीव आला. एकशे नव्वद देशांनी आपल्यासारख्याचाही विचार करून ठेवलाय, हे त्याला आवडलं. त्याने अटी घातल्या: आत एकटी मार्ताबाई आणि दिपाली. फोटो नाही. आणि कँटीनचा सगळा स्टाफ आवाराबाहेर, आत्ताच्या आत्ता.

अर्जुनरावाने ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला. “मला बाहेर काढतोस व्हय रे? माझ्या बापाची बी जमीन हाय ह्यात.”

“मी नाही काढत, अर्जुनराव. आंतरराष्ट्रीय कायदा आहे.”

अर्जुनराव गेला, पण जाताना त्याने तीनदा मागे वळून बघितलं.

दार उघडलं. मार्ता आत गेली आणि दहा पावलांवर उभी राहिली. पंख्याखाली, निवडलेल्या वैरणीवर, अंगावर झूल, शिंगांना तेल, पुढ्यात बदामाची परात, असा बिजल्या रवंथ करत होता. अशी बडदास्त तिने खुद्द कारखान्याच्या मालकाचीही बघितली नसेल. तिने ड्रम उघडून बघितले, गव्हाणीचा वास घेतला, भिंती ठोकल्या. मग बिजल्याच्या जबड्यात हात घालून दात बघितले, आणि पुढचा डावा खूर उचलून म्हणाली की हा जरा घासून घ्यायला हवा. तिच्या बापाची गुरं होती म्हणे तिकडे, शेकड्यांनी.

मग तिने लपवण्याचं कारण विचारलं. दिपालीने सांगितलं. चार बैल, बेल-भंडारा, दर अमावास्येला मोजणारी म्हातारी, सगळं. मार्ताने दोन वेळा परत सांगायला लावलं, विशेषतः म्हातारीबद्दल. तिचं वय विचारलं. दुसऱ्या बाजूचीच आई असून दोन्ही बाजूंना मान्य कशी, हे विचारलं. अशी माणसं मिळाली असती तर आमच्या कचेरीचं काम निम्मं झालं असतं, असं काहीसं पुटपुटली.

निघताना ती रोहिदासशी एकच वाक्य बोलली आणि दिपालीने ते मराठीत आणलं.

“त्या म्हणतायत, बैल त्यांच्या यादीत नाही. पण कुलूप लावलेल्या दाराआड काय आहे ते बाहेरचा माणूस आपल्या मनाने भरतो, आणि तो नेहमी जास्तच भरतो.”

रोहिदासने हसून हात जोडले. बाई शहाणी आहे, पण आपल्याला लागू नाही, असं त्याला वाटलं. अहवालात एवढंच आलं की बंद म्हणून दाखवलेल्या स्टोअरमध्ये एक बैल आढळला, रसायनांशी त्याचा संबंध नाही. आणि अहवाल गुप्त होता. पाहुणे पाचच्या आत गाडीत बसले. रोहिदासने निःश्वास सोडून परत आलेलं मटण स्वतः खायला घेतलं.

दुसरा घास तोंडात होता तेव्हा फाटकावरून गलका ऐकू आला.

अर्जुनरावाने आतलं भरलं होतं, आणि जास्तच भरलं होतं. परदेशी बाई पांढरी पडून बाहेर आली. आत जनावरं मारून बघतायत. विषाचा वायू हाय, म्हणून मला हाकलला. गाव फाटकाशी जमलं होतं, शेजारच्या वाडीतले लोकही होते, कुणी तोंडाला ओला गमछा बांधलेला, आणि एकाने शेळी बरोबर आणली होती, आधी तिला आत सोडून बघू म्हणून. मालकांचा फोन आला: काहीही कर, पण उद्याच्या पेपरात कंपनीचं नाव नको.

गर्दीच्या पुढे काठी टेकत कौशल्याबाई उभ्या होत्या. शेजारी जयमाला, हाताची घडी घालून.

रोहिदासने शेवटची धडपड केली. म्हणाला, काकी, तुम्ही एकट्या या, मी अर्धं दार उघडतो, तुमची शंका फिटली की झालं.

“अर्धं दार?” म्हातारीने डोळे बारीक केले. “बैल काय अर्धा असतुय का रं?”

रोहिदासच्या हातातली किल्ली खाली पडली. काकीला कसं कळलं? कळायला काय, जयमाला म्हणाली. दोन महिने घरातली डझनभर अंडी रोज जात होती. मला वाटलं आपला प्रज्वल जिमला जातो त्यात जातायत. काल पोराचे दंड चाचपून बघितले, काडीसारखे. अंडी भलत्याच्या अंगाला लागत होती.

सबंध गावादेखत दार उघडलं. बिजल्याने मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं आणि परत बदामात तोंड घातलं. शेळीवाला शेळी घेऊन मागे सरला. कौशल्याबाईंनी काठी रोखली, हवेत एकेक टोचल्यासारखं केलं.

“गोठ्यात चार. हितं एक. पाच.”

अर्जुनरावाला हसू आवरेना. तो पुढे आला, त्याने बिजल्याच्या पाठीवर थाप मारली, दाव्याला हात घातला. “चल राजा. करार म्हंजे करार. आजपास्नं माझ्या दावणीला. आन् रोहिदासा, यात्रेला ये बरं का. टोपी घालून ये, ऊन फार असतंय घाटात.”

रोहिदास दारावरच्या कवटीकडे बघत राहिला. आजोबांची बारी, वडिलांची बारी, आणि ती घालवली आपण, तेही एका दबलेल्या पायापायी.

“थांब अर्जुना,” कौशल्याबाई म्हणाल्या. “तुझ्या दावणीला किती हायत?”

“चार की. तूच मोजलंस.”

“ह्यो गेला की?”

अर्जुनराव थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला. म्हणाला, आये, ह्यो तर दंडाचा हाय. म्हातारी म्हणाली, पाचवा दिसला की कुठून आला त्ये ऐकायचं न्हाई, असं ठरलंय. जयमालानं घातलीया अट. ह्यो तुझ्या दावणीला लागला की पाच झाले. म्हंजे तुझी बी बारी न्हाई. मग तुझा पाचवा त्याच्या दावणीला जाणार. त्याचे परत पाच. विकायचा म्हनशील, तर यात्रेपातुर विकायचं न्हाई.

अर्जुनरावाने जयमालाकडे बघितलं. रोहिदासने पण बघितलं. जयमाला गुलाबांकडे बघत होती. आता दोघांनाही उमगलं, की ती अट घालताना देवळात या दोघी इतका वेळ हसत का होत्या.

“मग न्हाई नेत,” अर्जुनराव हळूच म्हणाला आणि दाव्यावरचा हात काढला.

“दंड नगं, तर दंडाची दुसरी बाजू बी नगं. करार अर्धा लागू होत न्हाई. रोहिदासची बारी बी होणार. चालंल?”

चाललं. न चालून करतो काय. दोघांच्याही बाऱ्या वाचल्या, आणि बिजल्या राहिला मधेच, कुणाचाच नाही. म्हातारीने तिथल्या तिथे निकाल दिला: देवाला सोडा. भंडारा लावला, दावं कापलं, बदामाची परात जयमालाने उचलून शेळीवाल्याला दिली. रोहिदासने एवढ्या निवडून आणलेल्या बैलाकडे पाठ फिरवली ती डोळे पुसायला, पण टाकीच्या वासाने डोळे झोंबले असं म्हणाला.

यात्रेला घाट माणसांनी फुलला होता. आधी अर्जुनरावाची बारी झाली, चांगली झाली. मग रोहिदासचा गाडा आला. हरण्या दबत होता, पण जोर लावत होता. भंडारा उधळला, आरोळ्या उठल्या आणि चार बैल सुटले.

निम्म्या घाटावर डाव्या बाजूने कुणीतरी मोकळं धावत आलं. ना गाडा, ना जू, ना दावं. कपाळावर भंडारा. देवाचा बैल, त्याला अडवणार कोण? बिजल्याने रोहिदासचा गाडा मागे टाकला, वरचं निशाण ओलांडलं, आणि तसाच पुढे पळत जाऊन कुणाच्या तरी कांद्याच्या शेतात उभा राहिला. घड्याळवाल्याने आपलं बटण कुणासाठी दाबायचं ते न कळून दोनदा दाबलं.

रोहिदासचा नंबर तिसरा आला. अर्जुनरावाचा दुसरा. पहिला दिघीच्या कुणा नवख्याचा, ज्याच्याशी या गावाचा कसला करारच नव्हता.

घाटाच्या कडेला दोघे शेजारी उभे राहिले, दोघांच्याही डोक्यावर टोपी. बराच वेळ कांद्याच्या शेताकडे बघत राहिले.

“किती सेकंदात गेला असंल रं त्यो?” अर्जुनरावाने विचारलं.

“मोजलंय कुणी,” रोहिदास म्हणाला. मग आवाज खाली आणून, “दिघीवाल्याकडं किती बैल आहेत, काही कल्पना?”

“सात,” अर्जुनराव म्हणाला. “आयेला सांगू का?”

दोघांनी मागे बघितलं. कौशल्याबाई काठी टेकत दिघीवाल्याच्या गाड्याकडे निघाल्याच होत्या, जयमाला बरोबर, आणि जयमालाच्या हातात भंडाऱ्याची वाटी होती.